काकांचं जुनं, पोरीचं नवं

चाकणच्या एका कंपनीत मी कोबोल शिकवायला जायचे. कोबोल म्हणजे पगार, माल, बिलं असल्या धंद्याच्या कामांसाठी केलेली संगणकाची भाषा. "ती अजून जिवंत आहे?" असं आमच्या चिंचवडच्या सोसायटीत मला येता-जाता विचारतात. आहे बाबांनो, चांगली ठणठणीत आहे, जीव माझा जातोय.

कंपनीचे पगार जुन्या मशीनवर, जुन्या कोबोलमध्ये निघायचे. माल पाठवायचं काम नव्या मशीनवर, नव्या कोबोलमध्ये गेलेलं. दोन्ही काही वर्षं सोबतच चालणार, म्हणून साहेबांचं फर्मान निघालं: जुन्या लोकांनी नवं शिकायचं, नव्यांनी जुनं. परीक्षेत नापास झाला तर जुना माणूस गोदामात, आणि नवा माणूस घरी.

वर्गात दोघांनी माझं डोकं उठवलं होतं. एक दिघीचे काका, जुन्या कोबोलमध्ये मुरलेले. नव्याचं नाव काढलं की म्हणायचे, "त्यात काय हाय एवढं?" दुसरी बीडकडची एक मुलगी, अजून कायम न झालेली. धाकट्या भावाला शिकायला इथे आणलेलं, घर तिच्याच पगारावर. नवं कोबोल फाडफाड लिहायची. पण जुन्यात प्रत्येक ओळ ठरलेल्या जागीच सुरू करावी लागते, हे सांगून सांगून माझा घसा बसला. "मॅडम, असं कोण लिहितं आता?" तू, बाई! तूच लिहायचंयस!

मग एकाएकी दोघांचा गृहपाठ झकास यायला लागला. मी मूर्खासारखी खूश. एकदा काकांच्या नव्या प्रोग्रॅममधल्या एका ओळीवर बोट ठेवून मी विचारलं, "हे असं का केलंत?" काका छताकडे बघायला लागले. आणि ती पोरगी मागून पटकन उत्तर देऊन मोकळी झाली.

"काका, हे हिनं लिहिलंय?"

"व्हय. आन् तिचं जुनं म्या लिहिलं. आमी शिफ्ट न्हाई का बदलत एकमेकांत? काम झाल्याशी मतलब."

मी कपाळावर हात मारून घेतला. "आणि परीक्षेला तुमच्या जागी ही बसणार आहे का?" दोघांनी माना खाली घातल्या, उद्यापासून आपापलं करतो म्हणाले. परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती. वरातीमागून घोडं!

परीक्षेला काका नव्या मशीनवर बसले आणि शांतपणे सगळं जुन्याच पद्धतीनं लिहिलं. नवं त्यात औषधालाही नाही. मशीननं ते मुकाट घेतलं, कारण नव्या कोबोलला जुनं चालतं, ते बनवलंयच तसं. मार्क फक्त उत्तराला. उत्तर बरोबर, काका पास.

मुलीनंही तेच केलं. जुन्या मशीनवर बसून तिला येत होतं ते नवं लिहिलं. पण उलटं चालत नाही ना! जुन्या मशीनला नव्याचा गंधही नाही. पडदाभर चुका. वेळ संपेपर्यंत ती बिचारी खोडत होती, लिहीत होती. मला सांगता येत नव्हतं आणि बघवतही नव्हतं.

निकाल कळल्यावर ती काकांना म्हणाली, "काका, तुमचं झालं ना पास? बरं झालं." मला तिचाच राग आला. अगं, भांड की थोडं!

मग मीच साहेबांकडे जाऊन भांडले. पोरगी हुशार आहे, एक महिना द्या म्हटलं. साहेब म्हणाले, "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा." सारखा! डोंबलाचा सारखा! त्याच एका लबाडीत एकाला मशीननं पोटात घातलं आणि दुसरीला चव्हाट्यावर आणलं.

संध्याकाळी कंपनीच्या बसपाशी काकांनी मला गाठलं. तोंड उतरलेलं.

"मॅडम, चुकलंच माझं. उद्यापासनं जेवायच्या सुट्टीत बसवतो तिला. समदं जुनं शिकवतो. तिच्या जागी एक ओळ बी लिहिणार न्हाई."

"कुठं बसवता, काका?" मी ओरडलेच. "तिचा गेटपास दुपारीच काढून घेतला."