गळ्यावरची खूण

"मान वर करा, आभाळाकडं बघा," असं म्हणून मॅडम पेशंटच्या गळ्यावर सोनोग्राफीचं यंत्र टेकवायच्या. दुष्काळ सरत नव्हता. आभाळ बघून आमच्या माना आधीच आखडलेल्या. "बघूनच दुखायली, मॅडम," असं कुणीतरी म्हणायचंच. मॅडम हसायच्या नाहीत.

दवाखाना साखर कारखान्याचा. सहकारी. म्हणजे यंत्र सभासदांचं आणि भिंतीवर फोटो चेअरमनचा, तुम्हाला माहीतच आहे. मी तेव्हा पत्रकं काढायचो. 'टँकरचं पाणी पाजून मुतखडे करणाऱ्यांनो, जाब द्या!' पुरावा म्हणून सिरसाळ्याकडची एक ऊसतोड बाई मॅडमकडे नेली. दोनदा मुतखडा झालेला, हाडं ठणकायची, भिंत धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. पोट दुखतं म्हणून एका डॉक्टरनं पिशवीच काढायला सांगितलेलं. सोमवार ठरलेला. मुकादम खूश, पिशवी गेली की पाळीचा खाडा नाही.

मॅडमनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्टात कॅल्शियम भलतंच वाढलेलं. मग तिला पुन्हा बोलावून गळा तपासला आणि पडद्यावर चिंचोक्याएवढा काळा डाग दाखवला.

"ही ग्रंथी माजलीय. हाडातलं कॅल्शियम रक्तात ओढते. मुतखडे हिचेच. पोटदुखीही हिचीच दिसते."

"आणि पाणी?" मी विचारलं.

"पाणी वाईटच आहे. पण ह्यात निर्दोष."

"अहो, उद्या मोर्चा आहे!"

"मग तुम्ही जा. ह्या नाही येणार."

"अन् पिशवी?" बाईनं हळूच विचारलं.

"तिनं काय केलंय? राहू द्या जागेवर."

शहरातल्या सर्जनला नेमकं कुठं कापायचं ते कळावं, म्हणून मॅडमनी पडद्यावर बघत तिच्या गळ्यावर पेनानं खूण केली. "दोन दिवसांनी ऑपरेशन आहे. तोवर पुसायची नाही. अंघोळ बंद."

"अंघोळ? मॅडम, टँकर आठ दिसाला येतो!"

तेव्हा मात्र मॅडम हसल्या, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

बोटभर चिरेतून गाठ निघाली. सोमवार तसाच गेला. मुकादम मला म्हणाला, "का रं, दवाखाना तू चालवतू का?"

पुढं उसाअभावी गाळप थांबलं. संचालकांनी काटकसरीचा ठराव केला: दवाखाना बंद. त्यांच्या गाड्या चालू राहिल्या. मॅडम कंत्राटी, त्यांना कसला आलाय निरोप समारंभ!

काही महिन्यांनी मी दवाखान्याच्या दारावर पत्रक चिकटवत होतो, तेवढ्यात ती बाई आली. कमरेवर पाण्यानं भरलेली कळशी. मॅडमसाठी आणलेली, घरात तेवढंच मोलाचं होतं. तिनं कुलूप पाहिलं.

"कुठं गेल्या?"

मला माहीत नव्हतं. कळशी घ्यायला मी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," ती म्हणाली. "झेपतंय मला."