गाडीचा आस मोडलाच नव्हता

माझे डोमाकाका मरणाच्या आठ वर्षं आधी तिरडीवरून मूल गावाला जाऊन आले.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. काका विधुर, मूलबाळ नाही, आणि आम्हा पुतण्यांवर काडीचा विश्वास नाही. (हे किती योग्य होतं, ते कळेलच.) "तुमी मले धानाच्या बांधीतच सडू देसान!" म्हणत त्यांनी बुरडाकडून आपल्या मापाची तिरडी करून घेतली आणि गोठ्यात टांगली. गावातल्या चार धट्ट्याकट्ट्यांना एकेक धोतर आणि तांदूळ आगाऊ देऊन खांद्यासाठी बांधून ठेवलं. त्या तिरडीचा उबग आला होता! दर अमावास्येला ती उतरवा, धूळ झटका, मग काका तीवर निजून विचारणार, "बांबू दबला का, पाहा बरं!"

एका हिवाळ्यात काका बांधावरून घसरले. पाय मोडला. दवाखाना मूलला, दोन कोसांवर.

"शंकर, गाडी जुंप!"

आता त्याच संध्याकाळी मला गाडीने सिंदेवाहीला नाटकाला जायचं होतं. बैल थकवून कसं चालेल?

"काका, गाडीचा आस मोडला ना!" मी म्हणालो. (आस ठणठणीत होता. आज पहिल्यांदाच लिहून देतो.) "पण तुमची तिरडी हाय. खांदेकरी हायेत."

घसरू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधलं. ऊन लागू नये म्हणून पांढरं धोतर तोंडावरून ओढलं. प्यायच्या पाण्याचं मडकं घेऊन मी पुढे चालू लागलो. यात माझं काय चुकलं, सांगा!

पहिल्या गावात लोकांनी टोप्या काढल्या. दुसऱ्यात भजनी मंडळ टाळ घेऊन मागे आलं. एका म्हातारीने तर गळाच काढला, "कसा देवमाणूस होता वो!"

धोतराखालून आवाज आला, "काऊन रडून राह्यली वं बाई? मी जित्ता हाव!"

बाई जी पळाली! भजनी मंडळ तिच्याही पुढे.

दवाखान्यात कंपाउंडर दारातच आडवा आला. "इथी नाई! नदीकडे न्या!"

"पाय मोडला हाय, बे!" तिरडी ओरडली.

पुढच्या आठवड्यात खांदेकऱ्यांतला महादू आला.

"काका, आमचं काम झालं. आता आमी मोकळे."

"मी मेलो कुठी?"

"ते तुमचं तुमी पाहा. न्यायचं ठरलं होतं, नेलं. परत आणलं ते फुकट!"

आपल्याला कोणी नेणार नाही, एवढी एकच भीती होती काकांना, आणि ती मी एका नाटकापायी खरी केली होती. (नाटकही हुकलं.)

आठ वर्षांनी, शेवटच्या दुखण्यात, त्यांनी मला जवळ बोलावलं.

"शंकर, आस मोडला नव्हता ना?"

"नाई, काका."

"ठाऊक हाय मले. मंग आता खांदा तू दे. घरापासून घाटापर्यंत. बदली घ्यायची नाई."

मी दिला. बदली घेतली नाही. काका चांगले वजनदार होते! आजही शिंपी सदऱ्याचं माप घेताना विचारतो, "आजोबा, उजवा खांदा एवढा खाली कसा?"

"आस मोडला हाय," मी सांगतो.