शालनअक्काची बदकं

आष्ट्याच्या पेठेत धरणेंद्र अण्णांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. दुकानामागं घर, आणि घरात त्यांची बायको शालन. अण्णा बोलायला मऊ, चालायला सावकाश. शालन दोन्हींत उलटी. एखादी गोष्ट मनात भरली की जेवताना, धान्य निवडताना, भांडी घासताना ती तेच चघळत राहायची आणि शेवटी करूनच मोकळी व्हायची. दुष्काळाच्या साली तिच्या दारात आलेलं एकही जनावर पेंडीचा तुकडा खाल्ल्याशिवाय परत गेलं नव्हतं. अण्णा खाली बसत चाललेल्या पोत्यांकडं बघायचे आणि टोपी सारखी करायचे.

दुष्काळ सरला. चौऱ्याहत्तरच्या चैत्रात गावची जत्रा पुन्हा पहिल्यासारखी भरली. आकाशपाळणे आले, मौत का कुआँ आला, पुठ्ठ्याच्या विमानात बसवून फोटो काढणारा आला. शालन दुपारीच निघाली, कारण दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवायचा तिचा नेम. सोबतीला रंगूबाई होती. रंगूबाई अण्णांच्या मळ्यात राबायची, पण शालनशी तिचं नातं मैत्रिणीचंच जास्त.

बांगड्यांच्या दुकानाकडं जाताना वाटेत गर्दी दिसली. बांबूचं कुंपण, आत खुंट्यांना पाय बांधलेली बदकं, आणि वर पाटी : ‘रिंग टाका, बदक न्या’. पैसे भरून वेताची रिंग टाकायची; ती बदकाच्या गळ्यात पडली की बदक तुमचं. चालवणारा धुळा जतकडचा. मागं तो साबणाच्या वड्या आणि कंगवे मांडायचा. यंदा जिवंत पाखरं आणली तर गर्दी हटत नव्हती.

वर ऊन रणरणत होतं. बदकं चोची उघड्या टाकून बसली होती. एका गड्यानं एक जिंकलं आणि पायाला धरून, उलटं लोंबकळवत, हसत निघून गेला. शालन कुंपणाला जाऊन भिडली.

“ह्यास्नी पाणी ठेवलं न्हाईस व्हय रं?”

“पाण्यानं चिखल करत्यात, अक्का. सांजच्याला पाजतो की.”

“तवर जगतील?”

“जगत्यात. सवय हाय त्यास्नी.”

“मग विकत दे मला. सगळी दे.”

धुळानं डोक्याचा पटका सोडून तोंड पुसलं. “विकायची असती तर बाजारात बसलो असतो. बदकं गेल्यावर रिंगा टाकायला कोण येतंय हितं?” आणि गर्दीकडं बघून मोठ्यानं म्हणाला, “एवढी कळवळ हाय तर जिंकून न्या की! पाटी समद्यांसाठीच हाय.”

लोक खो-खो हसले. पेंडवाल्या अण्णांची बायको जत्रेत रिंगा टाकणार! रंगूबाईनं तिचा पदर ओढला. शालन हसलीही नाही, चिडलीही नाही. धुळाची रिंग केवढी आहे, तेवढं तिनं नजरेनं मोजून घेतलं आणि बांगड्या न घेताच घरी आली.

माहेरून आणलेली भरतकामाची लाकडी रिंग तिच्या ट्रंकेत होती. ती काढून तिनं परसात तांब्या ठेवला आणि टाकायला सुरुवात केली. तांब्यावर हात बसला तेव्हा रंगूबाईला बोलावून हातात वाढायचा डाव दिला.

“दांडा वर धर. आन हालीव.”

“कशी हालवू?”

“बदकासारकी मान हालीव की, अजून काय!”

रंगूबाई उकिडवी बसून डावाचा दांडा इकडं-तिकडं करायला लागली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात अण्णा मागच्या दारानं आले.

“काय चाललंय हे?”

शालननं सरळ सांगितलं. अण्णांचा चेहरा उतरला. “आगं, जुगार हाय त्यो. सात व्यसनांतलं पैलं व्यसन. आन चारचौघांत? लोक मला काय म्हणतील?”

“लोकांचं राहू दे. जीव वाचवायसाठी बी जुगार म्हणजे जुगारच का?”

“ते उपाध्यांना विचार जा,” अण्णा म्हणाले. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन झाल्यावर शालननं बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, उपाध्यांना गाठलं. उपाधे वयस्कर माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जपमाळ बाजूला ठेवली.

“हेतू चांगला आहे, बाई. पण वाट वाईट. दोष लागणारच.”

“लागू दे. प्रायश्चित्त काय ते सांगा.”

“आधीच?”

“आधी ठरलेलं बरं. मागनं मन पळवाटा काढतंय.”

उपाध्यांना हसू आलं. “तुझा जीव कशावर आहे?”

शालनचा जीव गुळावर. जेवणाच्या शेवटी तळहातावर गुळाचा खडा असल्याशिवाय तिला पोट भरल्यासारखं वाटत नसे. तिनं तिथंच वर्षभर गूळ न खायचा नियम घेतला आणि तशीच जत्रेत गेली.

पहिल्या रिंगा वाया गेल्या. परसातला डाव आणि जिवंत पाखरू ह्यांत फार फरक होता. रिंग सुटली की बदक मान खाली घालायचं, रिंग पाठीवरनं घसरायची. बघे ओरडायचे, “अक्का, अजून एक!” शालनचे कान तापले. रंगूबाई म्हणाली, “चल गं, झाली तेवढी शोभा पुरं.”

“थांब जरा.”

शेजारच्या सरबतवाल्यानं तेवढ्यात घागरीतून बादलीत पाणी ओतलं. पाण्याचा आवाज झाला आणि कुंपणातली सगळी बदकं एकदम माना ताणून तिकडं बघायला लागली. शालननं ते पाहिलं. सरबतवाल्याकडून तांब्याभर पाणी मागून आणलं, डाव्या हातानं ते कुंपणाच्या कडेला धार धरून ओतलं. माना सरळ वर झाल्या. उजव्या हातानं तिनं रिंग सोडली. पडली ती बरोबर गळ्यात.

गर्दीनं एकच आरडाओरडा केला. ती एकामागून एक रिंगा टाकत गेली. रंगूबाईची टोपली बदकांनी भरली.

पण त्या दिवशी घरी येऊन ताट वाढून घेतल्यावर तिनं घास मोडून तसाच ठेवला. तहानेनं वर झालेल्या त्या माना डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. ती तशीच हात धुऊन उठली. अण्णांनी विचारलं, “काय झालं? जिंकलीस न्हवं?”

“त्यांच्या तहानंवर जिंकलो,” ती म्हणाली. “उद्यापासनं आधी पाणी पाजायचं. मग काय जमंल ते.”

सकाळी तिनं घमेलं भरून नेलं आणि धुळाला न विचारताच कुंपणात सरकवलं. धुळा उलट तोंड भरून हसला. कुंपणात कालच्याहून जास्त बदकं होती.

“ही कुठनं आली?”

“सांगलीस्नं आणली, अक्का. तुमच्या पुण्याईनं. पेंडवाली अक्का बदकं जिंकती म्हणून समदा गाव बघायला येतोय. आन बघणारा काय नुसता बघत न्हाई, त्यो बी टाकतोय.” त्यानं खाली वाकून तिला नमस्कार केला. “माज्या जल्मात असा धंदा झाला न्हवता.”

शालन उन्हात तशीच उभी राहिली. दोन सोडवायला गेलं तर चार बांधली जात होती. गूळ सुटला, लोक हसले, नवऱ्याची मान खाली गेली, आणि हाताला आलं ते हे. रंगूबाईला वाटलं, आता तरी बाई घरी चलंल. शालन मात्र गर्दीकडं टक लावून बघत होती. एक बाई कडेवर पोर घेऊन रिंग टाकत होती; ती मनगट न हलवता सगळा हात फेकायची, आणि रिंग दरवेळी लांब जायची.

शालन तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. “हात न्हवं, मनगट. भाकरी परतताना करतीस तसं. आन रिंग आडवी सोड.”

बाईनं तसं केलं. रिंग गळ्यात पडली. बाई किंचाळलीच.

“बदक काय करणार हाईस?”

“काय करणार? पोरास्नी दावायचं.”

“मला दे. मळ्यात सोडतो, तितं येऊन दाव.”

त्या दुपारी शालननं स्वतः एकही रिंग टाकली नाही. ती कुंपणाजवळ उभी राहून शिकवत गेली. भाकरी परतायचं सांगितल्यावर बायकांना ते लगेच कळायचं. पुरुषांना सांगायला वेळ लागला, पण तेही शिकले. सगळ्यांनीच बदकं तिला दिली असं नाही. एक-दोघं तिच्या तोंडावर नको म्हणाले आणि पिशवीत घालून निघून गेले. पुष्कळांनी मात्र दिली. दिवस कलायच्या आत कुंपणात नुसत्या खुंट्या राहिल्या.

धुळाचं हसू कधीच मावळलं होतं. तो तरातरा जत्रा कमिटीच्या मांडवात गेला आणि तिथल्या प्रमुखाला, बाळासोला, ओढतच घेऊन आला.

“बगा की ओ बाळासो! ही बाई माजा धंदा बसवाय लागलीया.”

बाळासो पलटणीतनं निवृत्त होऊन आलेला, मिशा पिळलेला माणूस. त्यानं मान वर करून पाटी वाचली. “हे काय लिवलंयस?”

“रिंग टाका, बदक न्या.”

“टाकली?”

“व्हय.”

“नेलं?”

“व्हय, पर—”

“मग माझ्याकडं कशाला आलायस, गड्या?”

लोक टाळ्या पिटून हसले. ह्या खेपेला ते शालनला हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धुळा अण्णांच्या दुकानापुढं येऊन बसला. पटका हातात घेतलेला, डोळे तांबारलेले. शालन बाहेर आली.

“अक्का, बदकं न्हाईत, आन आणायला बळ न्हाई. जत्रा अजून निम्मी हाय. मी काय वाईट माणूस न्हवं. मागल्या साली साबणाकडं कुत्रं बी फिरकलं न्हाई, म्हणून ही पाखरं आणली.”

बदकांपुढं आजवर शालनला हा माणूस दिसलाच नव्हता. ती उंबऱ्यात बसली.

“साबण जिंकायला कोण येईल रं? साबण समद्यांच्या घरात हाय. ज्याचा जीव तळमळतोय असं कायतरी मांड.”

“ते काय?”

तिनं क्षणभर विचार केला. पेठेतल्या यच्चयावत बायका त्या वेळी एकाच गोष्टीपायी वेड्या झाल्या होत्या. कपडे देऊन, भुसार देऊन, नवऱ्याशी भांडून त्या ती घरात आणत होत्या.

“स्टील,” शालन म्हणाली. “स्टीलच्या वाट्या, पेले. एखादा डबा मधी उभा कर, लांबनं चमकंल असा.”

“आन मला ते देणार कोण?”

शालन अण्णांकडं वळून बघणार, तेवढ्यात अण्णाच गादीवरून उठले. गेले काही दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. त्यांनी टोपी सारखी केली, चपला घातल्या.

“सांगलीत जवाहर म्हणून माझ्या वळखीचा भांडीवाला हाय,” ते धुळाला म्हणाले. “माझ्या शब्दावर माल दील. चल, यष्टी गाठू.”

शालन बघतच राहिली. अण्णा बाजारपेठेतनं जतच्या त्या माणसाबरोबर स्टँडकडं चालले होते, आणि चक्क भराभर चालले होते.

स्टीलच्या वाट्यांनी जत्रेचा उरलेला अर्धा भाग गाजवला. मनगटाची युक्ती आता गावाला ठाऊक झाली होती, त्यामुळं धुळाला रिंगा लहान कराव्या लागल्या आणि टाकणाऱ्यांना अडवायची दोरी आणखी लांब बांधावी लागली. पण बायका हटल्या नाहीत. शालन मात्र तिकडं पुन्हा फिरकली नाही. वाटीसाठी टाकली असती तर तो निखळ जुगार झाला असता.

बदकं मळ्यातल्या विहिरीच्या पाटात रमली. त्यांतली काही कोल्ह्यानं नेली. उरलेल्यांनी अंडी घातली तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. जैनाच्या मळ्यात अंडी! शालननं तोंड फिरवलं आणि रंगूबाईला म्हणाली, “मला काय सांगू नगंस, मी काय बघितलं न्हाई. ती उबवू दे म्हणजे झालं.” थोड्यांतून पिल्लं निघाली, थोडी रंगूबाईच्या घरी गेली असावीत. त्यावर दोघी कधीच बोलल्या नाहीत. गुळाचा नियम शालननं वर्षभर पाळला. पाडव्याला, बैलांच्या बेंदराला, घरात पुरणाचा वास दरवळत असतानाही पाळला.

पुढच्या वर्षी बाळासोनं कमिटीकडून दवंडी पिटवली, की जत्रेत जिवंत जनावर खेळावर लावायचं नाही. एक ससेवाला आला होता, त्याला त्यानं वेशीवरूनच वाटेला लावलं. पण तो गेला तो सरळ कुंडलच्या जत्रेत, आणि ते शालनला कळलं.

कुंडलला तिला कुणी ओळखत नव्हतं. अण्णांनी ह्या वेळी अडवलं नाही, नुसतं विचारलं, “आता काय सोडणार?” ती म्हणाली, “शेंगा.” आणि रंगूबाईला घेऊन यष्टीत बसली.

दुपारभर तिनं रिंगा टाकल्या. ससा मान वर करत नाही. भ्याला की अंग चोरून गोळा होतो आणि रिंग त्याच्या कानांवरून उडून जाते. मनगटाची युक्ती कामाला आली नाही, पाण्याचीही नाही. ससेवाल्याशी बोलून बघितलं तर तो ऐकूनच घेईना. दोन्ही हात रिकामे घेऊन त्या परतीच्या गाडीत चढल्या. रंगूबाईला वाटलं, आता बाईचा जीव थंड होईल. उसाच्या फडांवरून वारा येत होता, गाडी खडखडत चालली होती. शालन खिडकीबाहेर बघत होती.

मग ती वळली.

“रंगू, सशाला कान टवकारून उभं राहायला लावायचं तर त्याच्याम्होरं काय ठेवावं गं?”

रंगूबाईनं कपाळावर हात मारला. पण उत्तर दिलंच. “कोवळा हरभरा ठेवून बघू.”

“हरभरा चैत्रात कुठनं मिळणार?”

“मग गाजर.”

“गाजराचं बघतो,” शालन म्हणाली आणि आष्टा येईपर्यंत मनगट हळूहळू फिरवत बसली.