आत गेलेला एक्झिमा

एका छोट्या पेशंटच्या आजींची व्हॉइस नोट दोन मिनिटं चाळीस सेकंदांची होती. मी त्यातली पहिली दहा सेकंदं ऐकली आणि उत्तर टाइप करायला घेतलं.

त्या दहा सेकंदांत आजी एवढंच म्हणाल्या होत्या, “डाक्टरीन बाय, तुजे मलमानी पोरीचा रोग आत गेला.”

मी खारघरला स्किन स्पेशालिस्ट आहे. हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय. एक्झिमा, म्हणजे कोरडी, लाल, सतत खाजणारी त्वचा. ती मलमानं बरी केली की रोग आत दाबला जातो आणि दमा होऊन बसतो, असा लोकांचा ठाम समज. तो साफ चुकीचा आहे आणि त्यावर माझं एक भाषण फोनमध्ये तयारच असतं. आजींना मी ते पाठवलं, हात जोडलेल्या इमोजीसकट. मग स्वतःवर खूश होऊन पुढचा पेशंट आत घेतला.

पोरगी म्हणजे स्वरा, वय वर्षं पाच. आईवडील दोघं नोकरीला, त्यामुळे तिला आजीच आणायच्या. आजी जवळच्याच आगरी गावातल्या. स्वरा पहिल्यांदा आली तेव्हा कोपरे, गुडघ्यांच्या मागची बाजू, सगळं खाजवून सोलवटलेलं होतं. तीन महिन्यांत त्वचा अशी सुधारली की मी आईची परवानगी घेऊन तिच्या कोपरांचे आधीचे-नंतरचे फोटो वेटिंग रूममध्ये लावले. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते दाखवायचे. पुढचं फॉलोअप मी फोटोवरच करायचं ठरवलं. दर रविवारी कोपराचा फोटो यायचा आणि मी अंगठा पाठवायचे.

भाषण पाठवून चार दिवस झाले. दुपारी मी डबा खात होते, तेवढ्यात आमच्या रिसेप्शनवरच्या सुरेखाताई क्लिनिकचा फोन घेऊन आत आल्या.

“मॅडम, ही आजींची नोट पूर्ण ऐकली का तुम्ही?”

“अहो, तेच ते. रोग आत गेला.”

“पुढं ऐका. मागं कायतरी वाजतंय. मला आधी कुकर वाटला.”

त्यांनी स्पीकर लावला. आजी सांगत होत्या, “पोरगी खाली खेलून आली का छातीन शिटी वाजते. रोज हाय. आयक तू, फोन धरतंय तिचे तोंडाशी.” आणि मग पुढचं जवळजवळ दीड मिनिट कुणीच बोलत नव्हतं. नुसता स्वराचा श्वास. प्रत्येक श्वास सोडताना बारीक शिट्टी.

डबा तसाच बाजूला सारला. मी फोन लावला.

“आजी, स्वरा कशी आहे?”

“तशीच हाय. तू लिवलंस ना, घाबरू नका. म्हनून नाय आनली.”

“आत्ताच्या आत्ता घेऊन या.”

त्या रिक्षानं येईपर्यंत मी माझा स्टेथोस्कोप शोधला. खालच्या खणात, मलमांच्या सॅम्पलखाली सापडला. स्वराचा फ्रॉक वर केला. कोपरं झकास होती. बरगड्यांमधली कातडी मात्र प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मी सुरेखाताईंना सांगून दोघींना खालच्या मजल्यावरच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी नेब्युलायझर लावला, म्हणजे मास्कमधून औषधाची वाफ दिली. तासाभरात शिट्टी कमी झाली. तो तास मी बाहेरच्या बाकावर आजींशेजारी बसून काढला, आणि इतकी लाज मला परीक्षेत नापास झाल्यावरही वाटली नव्हती.

“मॅडम, घरात कुणाला दमा?” बालरोगतज्ज्ञांनी मला विचारलं.

मी स्वराचा केसपेपर उघडला. त्यावर ‘दमा, शिंका, खाण्याची अ‍ॅलर्जी’ असा रकाना मीच छापून घेतलाय. त्यात मी काही न विचारताच सुंदर रेघ मारली होती. आजी म्हणाल्या, “हिचे बापाला होता ना लानपनी.”

खरी गंमत अशी, की आजींचं कारण चुकलं होतं, निरीक्षण नाही. काही मुलांचं शरीर मुळातच साध्यासाध्या गोष्टींवर भडकतं. त्यांना लहानपणी एक्झिमा होतो आणि त्यांतल्या काहींना पुढे दमा, सारख्या शिंका, एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी यांचाही त्रास होतो. मलम लावा, नाहीतर नका लावू. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण विचारायचं असतं. हे मी विद्यार्थ्यांना शिकवतेसुद्धा.

स्वरा आता इनहेलरवर छान आहे. खाली खेळते, भांडते, जिने चढते. मी सगळ्या एक्झिमाच्या मुलांना खोकला, झोप, शिंका, खाणं विचारते आणि वर्षातून एकदा तरी छाती तपासते. कोपराचे फोटो मी भिंतीवरून काढले.

पुढच्या भेटीत मी आजींची माफी मागितली. मग राहवेना म्हणून मलमानं रोग आत जात नाही, ते आकृती काढून समजावलं. चांगली दहा मिनिटं. आजींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, “बरोबर असंल तुजं. पन मना नाय पटत.”

पटलं नव्हतं, तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. मला दोन डिग्र्या घेऊन तेवढंही जमलं नव्हतं.