तक्रारदाराची कॅसेट

आन्सेल्म केमेनर यांनी आयुष्यभर एकाच चित्रपटाचा द्वेष केला, आणि तो चित्रपट आज जिवंत आहे तो केवळ त्यांच्यामुळे. हे त्यांना तोंडावर सांगायची सोय नाही. मी एकदा सांगितलं, तर महिनाभर ते आमच्या वाचनालयाची पायरी चढले नाहीत.

फ्रान्सच्या ब्रतान्य प्रांतातल्या आमच्या केरविलेक गावात ते नोटरीकडे कारकून होते. १९८४ साली ‘बकरीबाई महापौर’ हा विनोदी चित्रपट आला. त्यात बकरी निवडणूक जिंकते, बिशप तिला आशीर्वाद देतो आणि सेनापती सलाम ठोकतो. अर्धा फ्रान्स पोट धरून हसला, उरलेल्या अर्ध्याने तक्रारी लिहिल्या. तो टीव्हीवर लागणार असं कळल्यावर केमेनरांनी ठरवलं, पुराव्याशिवाय तक्रार करायची नाही. चर्चमधल्या समारंभांसाठी घेतलेला कॅमेरा मागून आणला, जेवणाच्या खोलीत टीव्हीसमोर मांडला आणि अख्खा चित्रपट कॅसेटवर टिपला. मधूनमधून स्वतःच्या आवाजात नोंदी केल्या. “चौदावं मिनिट. बिशपचा अपमान.” “बाविसावं मिनिट. सैन्याचा अपमान. बकरीचाही.”

तक्रार लागू पडली. चित्रपटाचे मालक म्हणजे चार पत्रं आली की शेपूट घालणारी माणसं. त्यांनी तो मागे घेतला आणि मूळ रिळं कुठल्याशा तळघरात टाकली. तिथे पाणी शिरून ती सडली. याचा मला अजूनही संताप येतो. केमेनर निदान उघड शत्रू होते. हे तर पोटच्या पोराला रस्त्यावर सोडून पळाले.

पुढे २००९ साली केमेनर ती कॅसेट घेऊन वाचनालयात माझ्याकडे आले. पुरावा पुसट होत चालला होता. मी त्याची डिजिटल प्रत करून दिली. त्यांनी तिच्या तीस डीव्हीडी चकत्या करून घेतल्या, असल्या चित्रपटांविरुद्ध लढायला त्यांनी जमवलेल्या तक्रार मंडळाच्या तीस सभासदांसाठी. शत्रूने पुन्हा डोकं वर काढलं तर प्रत्येकाच्या घरी पुरावा तयार हवा, असा त्यांचा हिशेब. एका सभासदाच्या नातवाने ती चकती इंटरनेटवर टाकली. वर्षभरात चित्रपट देशभर पसरला, तोही केमेनरांच्या आवाजासकट. रेन शहरातली कॉलेजची पोरं चित्रपटापेक्षा त्यांच्या नोंदींनाच जास्त हसत. बेकरीत ते पाव घ्यायला गेले की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, “बकरीचाही.” त्यांनी पत्रांवर पत्रं लिहिली. एका ठिकाणची प्रत उतरवली की दहा ठिकाणी नवी चढायची.

दोन वर्षांनी त्यांची बायको सोलांज गेली. त्यानंतर ते दर गुरुवारी वाचनालयात येऊन कोपऱ्यातल्या संगणकावर कानाला हेडफोन लावून तोच चित्रपट बघत बसू लागले. मला वाटलं, नवी तक्रार शिजतेय. म्हातारपणी तरी सोडा, असं मी एकदा चिडून म्हटलं. त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला.

एकेचाळिसावं मिनिट होतं. बिशप भाषण करतोय आणि बकरी त्याच्या हातातला कागद खातेय. तेवढ्यात जेवणाच्या खोलीतून एक बाई खदखदून हसली. लगेच केमेनरांचा करडा आवाज आला, “सोलांज, नोंद चालू आहे.” पुढे ती गप्प.

“उरलेला चित्रपट ती ओठ दाबून बसली होती,” केमेनर म्हणाले. “तिचा आवाज दुसरीकडे कुठे नाही, निकोल. कॅमेरा मी दुसऱ्याच दिवशी परत केला.”

यंदा वसंतात पॅरिसहून चित्रपटाच्या मालकांचा माणूस आला. बोदुआं त्याचं नाव. तीस वर्षं झोपलेले हे लोक आता आयत्या बिळावर नागोबा व्हायला निघाले होते. चित्रपट म्हणजे राष्ट्राचा ठेवा, असं तो माझ्याच टेबलाशी बसून मला सांगत होता. त्यांना मूळ कॅसेट हवी होती. इंटरनेटवरच्या प्रतीवरून त्यांनी नमुना बनवून आणला होता, तो त्याने मोठ्या अभिमानाने लावला. चित्र उजळ झालं होतं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली होती. केमेनरांच्या नोंदीही गेल्या होत्या.

“एकेचाळिसावं मिनिट लावा,” केमेनर म्हणाले.

बकरीने कागद खाल्ला. खोलीत कुणीही हसलं नाही.

“सगळा कचरा काढून टाकलाय,” बोदुआं खुशीत म्हणाला.

केमेनर सावकाश उठले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण आवाज कॅसेटमधलाच. “माझा आवाज पुसा. माझी तक्रार पुसा. तिला हसू द्या.”

बोदुआंने समजावणीच्या सुरात सांगितलं की प्रेक्षकाला मूळ कलाकृती मिळाली पाहिजे, घरातले आवाज ठेवता येणार नाहीत. मूळ कलाकृती! जी यांनी स्वतःच कुजवली होती. मी त्याला तसं सुनावलं आणि नोकरीचा विचार नंतर केला. केमेनरांनी कॅसेट कोटाच्या आत घातली आणि ते घरी गेले.

पुढच्या गुरुवारी ते एक कागद घेऊन आले. त्यांच्या जुन्या तक्रार मंडळातले सहाजण अजून हयात होते. सहाही सह्या कागदावर होत्या. एक तर फार थरथरलेली, पण वाचता येण्याजोगी. वर कारकुनी अक्षरात लिहिलं होतं: ‘बकरीबाई महापौर या चित्रपटाचा एक सेकंदही, कॅसेटवरचा एक आवाजही कापला जाऊ नये, ही नम्र विनंती.’

त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. मी सातवी सही केली.