फिल्मची मुदत

गोंदिया जिल्ह्यातला सगळ्यात सावकाश माणूस कोण, असं मला कोणी विचारलं तर मी डोळे मिटून आमच्या मोठ्या भाऊजींचं नाव सांगेन. दुसऱ्या नंबरासाठी चुरस होऊ शकेल, पण पहिला त्यांचाच. तो हिसकावून घ्यायला जो कोणी धावेल, तो धावला म्हणूनच बाद होईल. सौंदडहून कोसभर आत त्यांचं गाव. धानाची शेती, दोन म्हशी, माझी ताई आणि एक मुलगी, असा आटोपशीर संसार. जेवायला बसले की पहिल्या घासाला वाढलेलं वाफाळतं वरण शेवटच्या घासाला थंडगार झालेलं असे. आंघोळीला गेले की ताई निवांत शेजारी जाऊन गप्पा मारून येई. ती तर शपथेवर सांगते, "अंतरपाट खाली गेला तरी हे बराच वेळ समोर पाहत उभे. मले वाटलं, नापसंत केलं का काय बाप्पा!"

आता अशा माणसाच्या हाती देवाने काय द्यावं? तर तिथल्या तिथे फोटो देणारा कॅमेरा! नव्व्याण्णव साली त्यांचा मस्कतला नोकरीला असलेला चुलतभाऊ सुटीवर आला आणि जाताना हा कॅमेरा देऊन गेला. बटण दाबलं की पुढच्या फटीतून जाड कागदाचा फोटो बाहेर येई आणि पाचेक मिनिटांत त्यावर रंग उमटत. ना रीळ धुवायला टाकणं, ना आठ दिवस वाट पाहणं. जगभरच्या उतावळ्या लोकांसाठी बनवलेली ही वस्तू आमच्या भाऊजींकडे आली आणि त्यांनी तिलाही आपल्या चालीवर आणून सोडलं. एका पाकिटात दहाच फोटो. हे दहा फोटो भाऊजींना सहज वर्षभर पुरत. गावातल्या एका घरी बाळ झालं म्हणून फोटोला बोलावलं होतं. उद्या ऊन चांगलं पडेल, परवा पडेल, असं करता करता फोटो निघाला तेव्हा बाळ फोटोतून बाहेर पळून चाललं होतं.

फिल्म आणायला ते वर्षातून एकदा नागपूरला जात. मी एकदा सोबत गेलो आणि कानाला खडा लावला. दुकानदाराने समोर ठेवलेलं पाकीट भाऊजींनी आधी बाजूला सारलं. पुढचं पाकीट गिऱ्हाइकाच्या नजरेत राहावं म्हणून उजेडात ठेवलेलं असतं, म्हणून घ्यायचं ते कायम मागच्या रांगेतलं, हा त्यांचा सिद्धांत. मग रंगीतच आहे ना याची खात्री, मग मुदतीची तारीख, मग वास. "ये धूप में तो नहीं था? ऊपर पंखा है क्या? रात को दुकान बंद करते तो अंदर गरम होता क्या?" शेवटी तो बिचारा हात जोडून म्हणाला, "भाईसाब, फिलिम है, दूध नहीं है." भाऊजी शांतपणे म्हणाले, "दूध फटता तो दिखता है. ये फटता तो नहीं दिखता." परतीच्या गाडीत ते पाकीट स्टीलच्या डब्यात, डबा ओल्या दुपट्ट्यात आणि दुपट्टा भाऊजींच्या मांडीवर. समोरच्या बाईने मायेने विचारलं, "किती महिन्यांचं आहे जी?"

घरात फ्रिज आला तोही फिल्मसाठीच. ताईची समजूत दही-दुधाची होती. ती पहिल्याच दिवशी दूर झाली. मधला कप्पा फिल्मचा, त्याच्या वर-खाली काही ठेवायचं नाही, वांग्यांनी दारात राहायचं. पण तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग असं की वीज येणं हीच बातमी. मग भाऊजींनी तोड काढली: वीज गेली की डबा दोराला बांधून विहिरीत सोडायचा, पाण्याच्या हातभर वर. एक माणूस दिवसातून दोनदा विहिरीत डबा सोडतो, पुन्हा वर ओढतो, उघडून पाहतो आणि समाधानाने मान हलवतो, हे पाहून गावात बातमी पसरली की भाऊजींना गुप्तधन सापडलं. पोळ्याच्या सुमारास दोघं-तिघं तर नात्यातले म्हणून उगाच भेटून गेले.

फोटो काढून घेणं म्हणजे तर व्रतच. फिल्म तासभर आधी बाहेर काढून ठेवायची, कारण गारठलेल्या फिल्मवर रंग फिके येतात. हिरवं लुगडं नेसायचं नाही, कारण या फिल्मला हिरवा झेपत नाही, काळपट येतो. ज्या मुलखात नजर जाईल तिथे धान, त्या मुलखात फोटोला उभं कुठे राहायचं, हा प्रश्न कोणी विचारला तर ते म्हणत, "म्हणूनच तं भिंतीले चुना मारला." फोटो बाहेर आला की तो पालथा ठेवायचा, हलवायचा नाही, फुंकायचा नाही, डोकवायचं नाही. मे महिन्यात माठाशेजारी ओल्या फडक्याच्या सावलीत. थंडीत मात्र त्याला ऊब लागे, आणि ती ऊब ताईच्या काखेत. "माह्या काखेत लाल जास्त येते. तुह्या ताईच्या काखेत बरोबर येते," हे त्यांचं संशोधन. पंचक्रोशीतल्या कितीतरी बारशांचे, साक्षगंधांचे फोटो माझ्या बहिणीच्या काखेत रंगले आहेत. ती एका हाताने पोळ्या लाटायची आणि मंडळी अदबीने वाट पाहायची. एकदा सरपंचांनी फोटो हातात घेऊन पंख्यासारखा हलवला. भाऊजी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आता भाऊजी एरवीही फार बोलत नसल्यामुळे सरपंचांना ते कळलंच नाही, ही गोष्ट वेगळी.

या माणसाने आयुष्यात एकदाच घाई केली, तीच सांगायची आहे.

दोन हजार आठच्या सुमारास कंपनीने ही फिल्म बनवणंच बंद केलं. भाऊजींना ते कळलं तेव्हा फ्रिजमध्ये एकच पाकीट उरलं होतं, आणि त्यावर मुदत होती पुढच्या मार्चची. चार दिवस ते जेवण झाल्यावर फ्रिज उघडून उभे राहत. पाचव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "हे पाकीट पोरीच्या लग्नाले." आणि पाकीट मार्चमध्ये संपणार म्हणून लग्न फेब्रुवारीत! लोक पंचांग पाहून तारीख काढतात, आमच्या भाऊजींनी पाकिटाच्या बुडावरची पाहून काढली. जो माणूस चप्पल शोधायला अर्धा तास घेतो, त्याने आठ दिवसांत मोरगावचं स्थळ शोधलं. मुलगा चांगला होता, खोटं कशाला बोलू. शेती होती, बी-बियाण्याचं दुकान होतं. पण भाचीला त्याच महिन्यात नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पहिल्या यादीत नाव लागलं म्हणून फोनवर ती मला इतक्या मोठ्याने सांगत होती की मला गोंदियाजवळ फुलचूरला माझ्या घरी फोन कानापासून लांब धरावा लागला.

"तीन वर्षं थांबा ना बाबा," ती म्हणाली.

"तीन वर्षानं फिल्म राहीन का?"

"अन् लग्न कोणाचं आहे? फिल्मचं का माह्यं?"

भाऊजी गप्प. ते गप्प बसले की त्यांच्याशी भांडता येत नाही. भिंतीला तरी टेकता येतं. ताई रडली, मी चढ्या आवाजात बोललो, काही उपयोग नाही. मोरगावची मंडळी रविवारी पसंतीला येणार हे ठरलं, आणि मामा म्हणून मला शनिवारीच बोलावणं आलं.

रविवारी सकाळी भाऊजी धानाच्या बांधीतलं पाणी पाहायला गेले. मी ओसरीवरच्या खाटेवर जरा आडवा झालो होतो. 'खर्र' असा आवाज झाला म्हणून डोळे उघडले, तर भाची माझ्यावर कॅमेरा धरून उभी. शेवटचं पाकीट! तिने ते पहाटेच फ्रिजमधून काढून ठेवलं होतं, बापाने शिकवलं तसं. मी ओरडायच्या आत ती परसात पोचली. म्हैस, विहीर, चुलीपाशी तोंडावर हात घेतलेली तिची आई, चुना मारलेली भिंत, पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांची बांधी, आणि शेताच्या धुऱ्यावरून पाठमोरे जाणारे तिचे बाबा. असं दिसेल ते टिपत नऊ फोटो काढून तिने ओळीने ओसरीवर पालथे मांडले आणि शेजारी बसली. पळाली नाही.

भाऊजी आले. आधी त्यांना पाकिटातून निघालेला काळा पुठ्ठा दिसला, मग फोटो. मी मनात म्हटलं, संपलं सगळं. ते खाली बसले. एकेक फोटो उलटा करून पाहू लागले. किती वेळ गेला ते विचारू नका.

"म्हशीवर उजेड मागून आला," ते अखेर म्हणाले. "हा कोण होय?"

"तुम्ही बाबा. धुऱ्यावरून जाऊन राहिले होते."

ताई वाकून पाहत म्हणाली, "फोटोतही हळूच चालून राहिले बाई हे!" आणि रडता रडता तिला हसू फुटलं.

"हॉस्टेलवर न्यायले काढले," भाची म्हणाली. "आता एकच उरला बाबा. एका फोटोसाठी कोणी पोरीचं लग्न लावते का?"

भाऊजींनी नऊही फोटो गोळा केले, कडा जुळवल्या आणि तिच्या हातात दिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साळेबुवा, मोरगावले फोन लाव. सांग त्याईले, पोरगी शिकाले जाऊन राहिली." मोरगावकरांच्या शिव्या मी खाल्ल्या, पण जन्मात इतक्या आनंदाने कधी खाल्ल्या नव्हत्या.

पुढे चार वर्षांनी भाचीचं लग्न झालं, तिने निवडलेल्या मुलाशी. मांडवात जो तो मोबाइल उंच धरून उभा होता. भाऊजी मागे खुर्चीवर बसून सावकाश जेवत होते. पण मला आठवतो तो ती नागपूरला शिकायला गेली तो दिवस.

धानाची रोपं रोवण्याचे दिवस होते. ताई तिला पोचवायला सोबत निघाली आणि सौंदडच्या फलाटावर मी आणि भाऊजी उरलो. भाऊजींच्या गळ्यात कॅमेरा. गाडी आली, ट्रंक चढली, भाची खिडकीशी बसली. गाडी तिथे दोनच मिनिटं थांबते. भाऊजी कॅमेरा डोळ्याला लावून उभे, पण बटण काही दाबेनात. "काढा ना बाबा!" ती हसत म्हणत होती, डोळे पुसत होती. गाडी हलली तेव्हा कुठे त्यांनी बटण दाबलं. फोटो बाहेर आला, कोराच. तिने खिडकीतून हात बाहेर काढला. भाऊजींनी फोटो छातीशी धरला आणि तिथूनच म्हणाले, "रंग यायचा आहे अजून."

गाडी गेली तसा मी तडकलो. "काय हे भाऊजी! गाडी दोन मिनिटं थांबते, फोटोला पाच लागतात, तुम्हाला ठाऊक नव्हतं? पोरीला द्यायचा होता ना?"

"मालूम होतं," ते म्हणाले. "तिच्यापाशी नऊ आहेत. मले एक राहू दे."

बाकावर बसले. फोटो मांडीवर पालथा ठेवला. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "फिल्मचं आपलं बोलाले होतं रे. मोरगाव दहा कोस आहे. सायकल काढली का जाता येते, पोरीले पाहून परत येता येते. नागपूर लंबा पडते."

इतकी वर्षं या माणसाची टिंगल करत आलो, आणि हे मला दिसलं नव्हतं. पाच मिनिटं होऊन गेली, दहा झाली. तिकडे रोवण्याच्या बाया बांधीवर येऊन खोळंबल्या असणार. फोटो पाहायला मी हात पुढे केला, तर भाऊजींनी त्यावर अलगद तळवा ठेवला.

"कायची घाई आहे?" ते म्हणाले.

मग मीही त्यांच्या शेजारी बसून राहिलो.