मऊ अंडी

नुकतंच उजाडलं होतं. खुराड्यात हात घातला तर आधी गवत लागलं, मग कोंबडीच्या पोटाची ऊब लागली, आणि मग जे लागलं ते अंडं वाटेना. मी हात मागे घेतला, पुन्हा घातला. तळहातावर घेऊन बाहेर काढलं. आकार अंड्याचाच, पण वर टणक काही नाही, नुसती पांढुरकी कातडी. मिटलेल्या पापणीखाली डोळा फिरावा तसं आतलं पिवळं फिरत होतं. माझा हात स्थिर होता, तरी ते थरथरत होतं.

आमचं गाव मुरगूडच्या अलीकडे. लग्न होऊन मला पाच वर्षं झाली होती. घरात सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणायची, हे आणि मी. नणंदेचं लग्न होऊन ती त्या वर्षीच्या वैशाखात सासरी गेली होती. घरामागच्या परड्यातल्या नऊ कोंबड्या माझ्याकडे असायच्या. माणसांपुढं माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. कोंबड्यांपुढं तशी अडचण नव्हती.

कोंबड्यांचं सगळं मला शेजारच्या आक्कांनी शिकवलं. त्या विधवा, मूलबाळ नाही, एकट्याच राहायच्या. कोंबडी काखेत धरून तिच्या शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं ठेवून दाखवायच्या. "दोन बोटं बसली की अंड्यावर हाय म्हणायची. एकच बसलं तर उगंच खातीया, तुझ्या दाल्ल्यासारखी." तुरा फिका पडला तर पिसांत उवा बघायच्या, राखेत लोळू द्यायचं, पाण्याचं भांडं रोज घासायचं, हे त्यांचंच.

ते मऊ अंडं मी आत्तींना दाखवलं. त्या चार पावलं मागे सरल्या.

"चुलीत टाक आदुगर. आन आजपास्नं एक बी टरफल भाईर पडता कामा न्हाय. टरफलावर करणी करत्यात लोक. समदी जाळायची."

तोवर टरफलं परड्यातच पडायची. त्यांचं पुढं काय होतं ते मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी ती गोळा करून चुलीत घालू लागले. जळताना केस जळाल्यासारखा वास यायचा.

आठवड्याभरात तीन कोंबड्या मऊ अंडी घालायला लागल्या, मग पाच. काही अंडी गवतात फुटलेली सापडायची आणि कोंबड्यांच्या चोचींना पिवळं लागलेलं असायचं. त्या स्वतःचीच अंडी खात होत्या. एक कोंबडी पायांवर बसली ती उठेना. मी जवळ गेले की नुसती मान वळवून बघायची. तिसऱ्या दिवशी डोळे उघडे ठेवूनच मेली.

दुपारचं परड्यात जायला मी भ्यायला लागले. ऊन असायचं, कोंबड्या असायच्या, पण आवाज नसायचा. त्या घराच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या असायच्या. कुणी शिकवल्यासारख्या एका ओळीत. नव्या रंगाच्या त्या भिंतीत काहीसुद्धा नव्हतं. मी दाणे टाकले तरी एखादीच वळायची.

आक्का एकदा कुंपणाच्या फटीतून आल्या. एक कोंबडी उचलून तिच्या छातीचं हाड चाचपलं. "अगं, हिला तर..." एवढंच म्हणाल्या आणि आत्ती बाहेर आल्या.

"खाली ठेव ती! तुझी अंडी टणक, आमची मऊ. आमचं टणकपण गेलं कुटं, सांग की!"

"माज्या कोंबडीच्या बुडात गेलंय. जा, बोट घालून बघ," आक्का म्हणाल्या आणि कोंबडी ठेवून चालत्या झाल्या. त्यानंतर मला त्यांच्याशी बोलायला बंदी झाली. फट काट्यांनी बुजवली.

मग देवरुषी आला. तो कुणाचं नाव घेत नसे. परड्यात उभं राहून त्यानं उगवतीकडे बोट दाखवलं. उगवतीला आक्कांचंच घर. अमावस्येला त्यांच्या उंबऱ्यावर उतारा ठेवायचा असं ठरलं. असा उतारा खालच्या गल्लीतल्या एका बाईच्या दारात ठेवलेला मी बघितला होता. त्यानंतर गिरणीवाला तिचं दळण घेईना. दुकानदार पुडा हातात न देता पायरीवर ठेवायचा. शेवटी ती गाव सोडून गेली. अमावस्येला नऊ दिवस होते, आणि आक्कांनी काही केलेलं नाही हे मला ठाऊक होतं. पण सांगायचं कसं, आणि काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्ती मागच्या पायरीवर पान लावत बसल्या होत्या. अंगठ्यावर चुना घेतला होता. भिंतीकडे तोंड करून उभी असलेली एक कोंबडी गर्रकन वळली, धावत आली आणि तिनं अंगठ्यावरच चोच मारली. तिच्यामागून बाकीच्याही आल्या. "अंगावर आल्या गं! खाल्लं मला!" आत्ती मागे पडल्या. मी केरसुणी घेऊन धावले. पण त्या आत्तींकडे बघतही नव्हत्या. अंगठ्यावरचा चुना त्यांनी टिपून साफ केला होता आणि सांडलेल्या डबीतल्या चुन्यावर सगळ्या तुटून पडल्या होत्या.

मी भिंतीकडे बघितलं. नणंदेच्या लग्नाआधी तिला चुना असायचा. खालच्या हातभर भागाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते, ते चुना टोचून खाताना कोंबड्यांनीच पाडलेले. लग्नासाठी ह्यांनी सिमेंटचा गिलावा करून वर हिरवा ऑइलपेंट मारला. भिंत गेली, आणि टरफलं मी जाळत होते. कवच करायला त्यांच्याजवळ काही उरलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी टरफलं जाळल्याचं नुसतं दाखवू लागले. ती पदरात लपवायची, तव्यावर भाजायची, कुटून मक्याच्या भरड्यात मिसळायची. धुणं धुवायला गेले की नदीतून शिंपल्या आणायची, त्याही कुटायची. चौथ्या दिवशी अंड्यावर नखानं दबेल एवढं पातळ कवच आलं. अमावस्येच्या आत टणक अंडं आत्तींच्या हातात ठेवायचं, मग बोलावं लागणारच नाही, असा माझा हिशेब होता.

पण कोंबड्या अंगावर आल्यापासून आत्तींनी धसका घेतला होता. अमावस्येची वाट न बघता त्यांनी देवरुष्याला पाचव्याच दिवशी बोलावलं. भर दुपारी, गल्ली बघत असताना, आक्कांच्या उंबऱ्यावर उतारा ठेवला गेला. सहाव्या दिवशी टणक अंडं आलं. सातव्या दिवशी चार आली.

आत्ती अंडं हातात घेऊन गल्लीभर दाखवत फिरल्या. "बघा की! दारात ठेवल्याबरुबर गुण आला!"

माझ्याच हातानं आक्कांवर शिक्का बसला होता. गिरणीवाल्यानं त्यांचा डबा परत पाठवला. दोन दिवस त्यांच्या चुलीतून धूर निघाला नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना मी म्हणाले, "आत्ती, उताऱ्यानं न्हाय. शिंपल्या आन टरफलं मी घातली. त्यानं झालं."

हे हसले. "आयला, ही बोलती की!"

आत्ती हसल्या नाहीत. "कुणी सांगितलं तुला? तिनंच न्हवं?"

"न्हाय."

"मग कसं कळलं?"

मला भिंतीचं, अंगठ्याचं सगळं सांगायचं होतं. पण दोघं माझ्याकडे बघत होती आणि तोंडातून एवढंच निघालं, "कोंबड्यांनी सांगितलं."

आत्तींचा हात ताटातच थांबला. त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि ताट हळूच माझ्यापासून लांब सरकवलं.

सकाळी मी समोरच्या दारानं आक्कांकडे निघाले. हे अडवायला उठले. आत्ती आतून म्हणाल्या, "जाऊ दे तिला. आडवू नगंस." त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

दळण मी आणते म्हटल्यावर आक्कांनी जोंधळ्याचा डबा माझ्या डोक्यावर दिला. मी गिरणीवर गेले तेव्हा सात-आठ बायका रांगेत होत्या. मी येताना दिसले तशा त्या बोलायच्या थांबल्या आणि एकेक करून भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. कोंबड्या माझ्याशी बोलतात हे आत्तींनी रात्रीतच सांगितलं असावं. गिरणीवाल्यानं चालू दळण थांबवलं. मान वर न करता त्यानं माझ्या डोक्यावरचा आक्कांचा डबा घेतला आणि सगळ्यांच्या आधी दळून दिला.